दोन फेजवरचे झिंगे

भूपेंद्रनं पाच मिनिटांत जी करामत केली, ती निस्तरायला केवळरामकाकांना अख्खी दुपार लागली. त्यातला सव्वा तास तर भूपेंद्रच्या थापेनंच खाल्ला.

झालं असं की पवनीहून नागपूरला निघालेल्या त्याच्या फ्रीजच्या गाडीचा पट्टा तुटला. गाडीचा नव्हे, डब्याच्या कपाळावर बसवलेल्या थंडीच्या यंत्राचा. ते यंत्र दोन तऱ्हेनं चालतं: स्वतःच्या छोट्या डिझेल इंजिनावर, नाहीतर तीन फेजच्या विजेवर. इंजिनाचा पट्टा गेला, म्हणजे उरली वीज. रस्त्याला लागूनच बाबूलालची धान गिरणी होती आणि बाबूलाल कोणाला नाही म्हणणारा माणूस नव्हता. पण त्या दिवशी नेमकी एक फेज उडालेली. गिरणी गपगार. लाइनमन अर्ध्या तासात येतो म्हणाला होता, आणि लाइनमनचा अर्धा तास केवढा असतो हे भंडारा जिल्ह्यात जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही.

आता एक फेज गेली म्हणून आपल्याकडे धानाचं पाणी कोणी थांबवलंय का? तिसऱ्या फेजच्या जागी कंडेन्सर लावायचा आणि दोन फेजवर पंप हाकायचा. भूपेंद्र त्यातच लहानाचा मोठा झाला. शेतातला कंडेन्सर सीटमागे होताच. थंडीच्या यंत्रात एक शहाणी रिले बसवलेली असते; तिन्ही फेज हजर नसल्या तर ती मोटर सुरूच होऊ देत नाही. भूपेंद्रनं तारेचा तुकडा लावून तिला बाजूला बसवलं आणि बटण दाबलं. यंत्राच्या स्विचपेटीत कडकडकड असे फुटाणे फुटले, मोटर घूंऽ करून रडली आणि गप्प झाली. त्यानंतर दहाव्या मिनिटाला तिसरी फेज आली. लाइनमन आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला होता.

आता तिन्ही फेज होत्या, पण मोटर नुसती घुरघुरायची आणि बंद पडायची. भूपेंद्रनं तार काढून खिशात घातली, कंडेन्सर गोणपाटाखाली सरकवला आणि केवळरामकाकांना हाक मारायला धावला.

डब्यात झिंगे होते, गोड्या पाण्यातली कोळंबी. त्याच्या बहिणीचे, म्हणजे दामिनीच्या बचत गटाचे. अकरा बायांनी आठ महिने गावच्या तलावात ते वाढवले होते. बायका झिंगे पाळून राहिल्या म्हणून चावडीवर हसण्याचा कार्यक्रम रोज होई. नागपूरच्या व्यापाऱ्यानं एकच सांगितलं होतं: पहिली खेप चांगली आली तर हंगामभर घेईन, वास आला तर पुन्हा तोंड दाखवू नका. सकाळी डब्याच्या तापमानाचा काटा एकवर होता. आता तो चारवर होता आणि बाहेर मे महिना होता.

केवळरामकाकांनी चिखल्याच्या खाणीत एकतीस वर्षं पाणी उपसायच्या मोटरी सांभाळल्या होत्या. निवृत्त झाल्यावर गिरणीच्या मोटरी त्यांच्या गळ्यात पडल्या. घाई हा शब्द त्यांनी ऐकला असेल, वापरलेला कोणी पाहिला नाही. त्यांची बायको बेबीबाई सांगते की अंतरपाट दूर झाल्यावर यांनी आधी मांडवातली लोंबती वायर पाहिली, मग नवरी.

काका आले. मेन स्विच पाडून त्यांनी त्याला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला अडकवली. ही खाणीतली सवय. भूपेंद्र म्हणाला की मी इथंच उभा आहे, कोण सुरू करते?

"तूच," काका म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, बंद पडायच्या आधी काय झालं. भूपेंद्र म्हणाला, गाडी खड्ड्यात दणकन आदळली, तेव्हापासून घुरघुर करते. आपल्या रस्त्यांवर ही थाप कोणालाही पटेल. काकांनाही पटली. दणका म्हणजे सुटलेली तार किंवा बेअरिंग. त्यांनी मोटरचं झाकण काढलं, एकेक जोड हलवून पाहिला, पंखा हातानं फिरवून कान लावला, तारा यंत्राच्या अंगात शिरतात तिथपर्यंत बोटानं चाचपल्या. काटा सहावर गेला. दामिनीचा फोन आला, भूपेंद्रनं उचलला नाही. काटा आठवर गेला. पुन्हा फोन आला. डब्याच्या दाराखालून पाण्याची धार लागली. बर्फ सुटत होता.

भूपेंद्रनं हात जोडले. काका, ते कुलूप काढा, मोटर डायरेक्ट करून द्या, जळली तर जळली.

"जळली त मंग कायवर थंड करशीन? माह्या टकल्यावर?" काका म्हणाले आणि मीटर लावून बसले. आतल्या तारेचे तिन्ही वेढे, म्हणजे वाइंडिंग, एकसारखं माप दाखवत होते. जमिनीकडे गळती नव्हती. मोटर ठणठणीत होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "या मोटरले काहीच नाही झालं बाबू. खड्डा कोठी होता तो?"

काट्यानं नऊ दाखवले आणि भूपेंद्रचा धीर सुटला. दोन फेज, कंडेन्सर, रिलेला घातलेली तार, सगळं एका दमात बाहेर पडलं. वर आवाजही काढून दाखवला, कडकडकड.

काका उठले, सरळ कॉन्टॅक्टर उघडला. वीज मोटरकडे सोडणारे त्याचे तीन जोड. विजेच्या कमी दाबानं थडथडून एक पार कोळसा झाला होता. तीन फेज येत होत्या, मोटरला दोनच मिळत होत्या. त्यांनी गिरणीच्या कपाटातला जुना कॉन्टॅक्टर आणून बसवला, रिले जागेवर घातली, प्रत्येक स्क्रू दोनदा आवळला, आणि मग कुठे करदोट्याची किल्ली सोडली.

मोटर उचलली. काटा अकरावर थांबला, बराच वेळ तिथंच रेंगाळला, मग दहा झाला.

भूपेंद्रनं दार उघडलं. खालच्या पेट्या चांगल्या होत्या. वरच्या तीन पेट्यांतल्या झिंग्यांची डोकी काळवंडली होती, आणि त्यानं नाक जवळ नेऊन लगेच मागे घेतलं. त्या तीन पेट्या इथंच उतरवायच्या तर अकरा बायांना कारण सांगावं लागणार. तशाच न्यायच्या तर नागपूरचं दार कायमचं बंद. खिशात फोन पुन्हा थरथरू लागला. पडद्यावर दामिनी.

"काका," तो म्हणाला, "सांगू का नोको?"

काका मीटरच्या वायरी गुंडाळत होते.

"तू नाही सांगशीन त झिंगे सांगतीन."