पायऱ्यांवरची जागा

मैदानाच्या पायऱ्यांवर मी पुस्तक घेऊन बसायचे. तिथे सरावाला येणारी एक मुलगी आठशे मीटर पळून झालं की माझ्यासमोर येऊन उभी राहायची. बसायची कधीच नाही. माझ्या वॉटरबॅगमधलं पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायची. "बसलं का पाय आळशी होतेत वं, कॉन्व्हेंट," माझ्या शाळेच्या युनिफॉर्मकडे बघून म्हणायची. आम्ही एकमेकींचं नाव कधी विचारलं नाही.

पावसाळ्यात तिला कावीळ झाली. दिवाळीनंतर परत आली तेव्हा गळ्याची हाडं वर आली होती आणि धावायची चड्डी कमरेला सेफ्टी पिनेने आवळलेली होती.

"या वर्षी नाही धावलीस तर?" मी धीर करून विचारलं.

"काहून? मेली काय मी?" ती हसली. डोळे अजून पिवळसर होते.

हिवाळ्यातल्या पहिल्या शर्यतीत पहिली फेरी तीच पुढे होती. दुसऱ्या फेरीत सावनेर, कळमेश्वरच्या मुली एकेक करून तिला मागे टाकत गेल्या. ती शेवटची आली. चालली मात्र नाही, पळतच आली. कोणीतरी दयेने टाळ्या वाजवल्या.

मी वॉटरबॅग पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"सरक वं थोडी," ती म्हणाली.

मी पुस्तक उचललं आणि तिला बसायला जागा करून दिली.