बाईंनी गाळलेलं प्रकरण

कादंबरी लिहिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण लिहिलेली कादंबरी कमी करण्यात जिचा जीव रमतो अशी व्यक्ती मी एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या शाळेच्या बाई. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ती चढवली बाईंनी. प्रवेशाच्या दिवशी त्या आचऱ्याहून मालवणपर्यंत एसटीत माझ्या शेजारी बसून आल्या आणि वाटभर माझ्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत राहिल्या. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचा मान मी मागून घेतला. मी टाइप करायचो, बाई उडवायच्या. एका लग्नाचं अख्खं प्रकरण गेलं तेव्हा मी हळहळलो, तर म्हणाल्या, "अरे, पंगत झकास झाली होती. नवरा-नवरी मात्र कुणाच्या लक्षात राहत नव्हती."

प्रकरण पारखण्याची त्यांची रीत न्यारी होती. आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आई आणि शेजारणी काजूगर सोलायला बसतात. बाई तिथे खुर्ची टाकून वाचत, पण नजर कागदापेक्षा बायकांच्या हातांवर. ऐकता ऐकता हात थांबले तर प्रकरण राहिलं, चालूच राहिले तर गेलं. एकदा समुद्रावरच्या संध्याकाळचं वर्णन चाललं होतं. मला भरून आलं होतं. आई मान वर न करता म्हणाली, "बाई, ह्यो सूर्य अजून बुडूक नाय? माझी टोपली भरत इली." बाई खळखळून हसल्या आणि ती संध्याकाळ सूर्यासकट गेली.

बाईंचा धाकटा भाऊ ऐन तारुण्यात मासेमारीला गेला तो परतलाच नाही. कादंबरी त्याच्यासाठीच चालली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते प्रकरण त्यांनी सर्वांत शेवटी वाचलं. एकूण एक हात थांबला. आईने पदर डोळ्यांना लावला. हे तरी पक्कं, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "ते काढ."

मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला. "बाई, सगळ्यांचे हात थांबले होते."

"माझ्या लिवण्यान थांबूक नाय रे. तेच्या आठवणीन थांबले. पुण्याच्या वाचकान तेका खंय बघितल्यान?" एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई मालवणीवर आल्या होत्या. "कितीदा लिवलंय. पण कागदार तो नुसतो बुडता. दुसरा काय करीतच नाय."

मी ते काढलं.

कादंबरी छापून आली. बारीकशी आहे, पण वाचताना कुठे अडत नाही. पहिली प्रत बाईंनी खळ्यात आणली. आईने ती उलटसुलट करून विचारलं, "ह्येच्यात तुमचो भाऊ खंय आसा?"

"नाय घातलंय."

आईचा चेहरा उतरला. "मगे आमका तरी सांगा."

बाई कागदाशिवाय सांगू लागल्या. तेव्हापासून अधूनमधून सांगतात. त्यांच्या सांगण्यात तो होडीतून सुखरूप उतरतो, आणि दर खेपेला थोडा वयस्क झालेला असतो. परवा त्याच्या मिशा पिकल्या होत्या, खांद्यावर जाळं होतं, आणि तो भराभरा घाटीच्या पायऱ्या चढून घराकडे येत होता. आईने त्यांना अडवलं. "इतक्या बेगीन चलवू नकात तेका, बाई. आता तेचे गुडघे दुखत असतले."

 बाईंनी भावाला वाटेतल्या पायरीवर बसवलं.