सीमेवरच्या महादेवाला अकरा प्रदक्षिणा

बाबांची बायपास झाली तेव्हा आई नवस बोलली: सगळ्यात लांबच्या महादेवाला अकरा प्रदक्षिणा. लांबचा म्हणजे कुठला, हे तिनं देवालाही सांगितलं नव्हतं. बाबा सोनागिरीच्या घरी परतले, चोरून भजीही खायला लागले, तरी नवस तसाच. मग एका दुपारी मोबाईलवर तिला तो महादेव सापडला. कंबोडिया आणि थायलंडच्या सीमेवर, कड्याच्या टोकाला, पडकं जुनं देऊळ. दोन्ही देश म्हणतात, आमचंच.

"भोजपूरचा महादेव काय वाईट होता?" बाबा म्हणाले. "स्कूटरवर जाऊन जेवायला परत आलो असतो. काहून एवढ्या लांब?"

"भोजपूर लांब आहे का?" आईनं विचारलं. विषय संपला.

बाबा देव मानत नाहीत. मी सोयीनुसार मानते, आणि तेव्हा मला ऑफिसातून सुटका हवी होती. सीमेवरचं भांडण त्या वर्षी थंड होतं, लोकांना वर सोडत होते. ड्रायव्हरनं जीप अशी चढवली की वर पोचेपर्यंत बाबांनीही दोनदा महादेवाचं नाव घेतलं. मी ते लक्षात ठेवलं, पुढे चिडवायला.

देऊळ म्हणजे नुसते दगड. पिंडी नाही, नंदी नाही. आईला त्याचं काही नाही. पदर खोचला, चपला काढल्या, निघाली. गाभाऱ्याच्या मागे वळली आणि थांबली. तिथे दोरी, दोरीपलीकडे वाळूची पोती आणि एक कोवळा सैनिक. त्यानं हात आडवा केला. ड्रायव्हर मोडक्या इंग्रजीत म्हणाला, पुढे नाही जायचं, पुढचं कुणाचं ते ठरायचंय.

आईनं त्या सैनिकाला चक्क मराठीत समजावलं. "बाळा, मी तुझ्या देशातून कुठे जात नाहीये. एक चक्कर मारून इथेच येते." तो हसला, पण हात खाली घेईना.

मग तिचा चेहरा पडला. मी तोवर गंमत बघत होते, पण तिचे डोळे भरले तशी माझी गंमत संपली. ती हळूच म्हणाली, "अर्धवट राहिला तर ह्यांना पुन्हा काही होईल गं." एवढं घाबरलेलं मी तिला हॉस्पिटलातही पाहिलं नव्हतं.

मी इकडेतिकडे पाहिलं. दोरीशेजारी एक लांबट दगड पडला होता, मधे खाच असलेला.

"अगं, ही बघ पन्हळ!" मी ओरडले. "अभिषेकाचं पाणी इथून जायचं. महादेवाची पन्हळ कधी ओलांडतात का? इथवर यायचं आणि उलटं फिरायचं. तूच तर शिकवलंस!"

आईनं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नाही, आणि त्याला कारणंही आहेत.

तेवढ्यात बाबा पुढे आले. कारखान्यात त्यांनी सारा जन्म मापं तपासली. केसभर फरक असला तरी माल परत. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, खाचेतून बोट फिरवलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. उतार इकडेच आहे. पाणी इथूनच जात असणार."

आई वळली. एका बाजूनं पन्हळीपर्यंत, मग उलटं फिरून दुसऱ्या बाजूनं दोरीपर्यंत, अशा अकरा. बाबा सावलीत बसून मोठ्यानं मोजत होते. सातव्यानंतर तो सैनिकही बोटं वर करून आकडा दाखवायला लागला, आणि बाबा एकदा चुकले तेव्हा त्यानंच सुधारलं.

उतरताना बाबांना जीपमध्ये डुलकी लागली. मला राहवलं नाही. "आई, ती पन्हळ होती का गं खरंच?"

"उंबरठा होता तो," आई म्हणाली. "दाराची खाच मला कळत नाही का?"

"मग वळलीस कशाला?"

तिनं बाबांच्या घसरलेल्या मानेखाली आपली पिशवी सरकवली.

"तुझं सोड, तू उठल्यासुटल्या खोटं बोलतेस. पण हे माझ्यासाठी खोटं बोलले. म्हटलं, आता नवस फिटला."