आटेसाट्याचं कापड

मेहुण्याचा सूड कापडातून घ्यायला गेलो, ही माझी चूक.

हा मेहुणा माझ्या बायकोचा भाऊ आणि माझ्या बहिणीचा नवरा, दोन्ही. त्याची बहीण आमच्या घरी आली, माझी त्यांच्या घरी गेली. एकच दिवस, एकच मांडव. याला आमच्याकडे आटेसाटे म्हणत. आता तो शब्द कोणी वापरत नाही. मुलीला अर्थ सांगितला तर ती म्हणाली, "म्हणजे आत्याच्या बदल्यात आई? फसली न आई."

आटेसाट्यात इकडे जे होईल तेच तिकडे. लग्नात दोन्ही नवरदेवांचे कपडे एकाच थानातून कापले होते, कोणाला कमी-जास्त वाटू नये म्हणून. पुढेही एकाने आहेरात कापड दिलं की दुसऱ्याने त्याच थानातलं परत द्यायचं, आणि मिळालेलं अंगावर घालायचं. दरवेळी पांढरंच असायचं, त्यामुळे हा नियम मी विसरूनच गेलो होतो.

मागच्या उन्हाळ्यात पारशिवनीला मेहुण्याची वास्तुशांती झाली. त्याने मला, घरच्या जावयाला, शेवटच्या पंगतीत बसवलं. वडाभातातले वडे संपलेले. माझ्या पानात नुसता भात, आणि हा चार लोकांत म्हणतो, "जावाईबापू, तुमचे दात आता वड्याचे राहिले नाहीत." सगळे हसले. माझी सख्खी बहीणही हसली.

आठ महिने मी तो भात चघळत होतो. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं तसा इतवारीच्या कापडबाजारात गेलो आणि दुकानदाराला म्हटलं, "जे कोणीच घेत नाही ते दाखवा." त्याने माळ्यावरून थान काढलं. पोपटीवर नारिंगी चौकडे, एकेक पुरीएवढा.

"गादीच्या खोळीले पाहिजे काय?"

"आहेराले," मी म्हटलं. माझा चेहरा इतका खुलला होता की त्याने भाव कमी केला नाही.

साक्षगंधाला नंदनवन भागातल्या हॉलमध्ये मी मेहुण्याला पाटावर बसवलं, टिळा लावला आणि कापड त्याच्या मांडीवर पुरतं उलगडलं, मागच्या रांगेलाही दिसावं म्हणून. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं. तो कापडावर हात फिरवत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "दुकान कोणतं जी? थान शिल्लक असंन न?"

तेव्हा मला नियम आठवला.

मुलीच्या लग्नात त्याने माझा सदरा शिवूनच आणला. माप माझ्या बहिणीने दिलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी आहेर नाकारला असता तर सासरी बोलणी तिला बसली असती. म्हणून घातला. मेहुणाही त्याच कापडात, खुशीत. दोघं मांडवाच्या तोंडाशी शेजारी शेजारी उभे, येणाऱ्याला हात जोडत. वडे मी अजून विसरलेलो नाही, हे मनात घोकत मी हसत होतो.

बायको अक्षतांचं ताट घेऊन आली, भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"माह्या भावाले शोभते तरी," ती म्हणाली. "तुमी तं खाटेवरची चादर उभी केल्यावानी दिसून राहिले."