कल्हईची फोडणी

आमचे हे नारायणगुड्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले ते कॉलेजातून, शिकवण्यातून नाही. आता वर्गात मी एकटी, आणि दांडी मारायची सोय नाही.

सासूबाई तापातून उठल्या खऱ्या, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. काहीही द्या, "मातीसारखं लागतंय" म्हणून ताट सरकवायच्या. नुसती हाडं उरली होती हो, मला मनातून फार भीती वाटायची. एक दिवस त्याच म्हणाल्या, "माझ्या पितळी पातेल्यात चिंचेचं आंबट वरण कर गं." मी माळ्यावरून पातेलं काढलं आणि सुलतान बाजारातून कल्हई करून आणलं.

झालं! यांना विषय मिळाला. "ही कल्हई म्हणजे कथील. मऊ धातू. कांडी वाकवली की कुरकुरते. पाण्यानं गंजत नाही, चिंचेला दाद देत नाही. फार थंडीत त्याची भुकटी होते, पण हैदराबादेत ती भीती नाही."

"हैदराबादेत वेगळ्याच भीती आहेत," मी म्हटलं. "फोडणी कढल्यात करायची हं, यात नक्को."

मी सासूबाईंना उशी लावून बसवायला गेले. तेवढ्यात साहेबांनी पातेल्यातच तेल तापत ठेवलं आणि कथील किती कमी आचेवर वितळतं, ते मला आतून ओरडून सांगायला लागले. सांगता सांगता तेलाचा धूर झाला. मी धावत आले, तर तळाशी कथलाचे मणी पळताहेत.

"बघ, वितळलं!" काय तो आनंद!

ते तेल फेकून मी दुसरं भांडं शोधेपर्यंत यांनी वरण त्याच उघड्या पितळेत उकळलं, आणि "काही होत नाही" म्हणत आईपुढे नेलंसुद्धा.

सासूबाईंनी एक घास घेतला आणि थुंकून टाकला.

"कळकलंय, मेल्या! पितळ पाजतोस होय रे आईला? कैकू हात लावलास चुलीला?"

हे खाली मान घालून उभे. मला मात्र रडू कोसळलं. अगं बाई, कळकलेलं कळलं त्यांना!

"तू रडतेस काय?" त्या माझ्यावर खेकसल्या. "स्टीलच्या पातेल्यात दुसरं कर. हिंग सढळ हातानं घाल. भूक लागलीय मला."