बेहालातलं पत्र

माझे बाबा प्रसिद्ध होते, पण मला ते फारसे लाभले नाहीत. हिमालयातल्या एका नदीचा उगम त्यांनी शोधून काढला तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले, शाळेत बाईंनी मला वर्गापुढे उभं केलं. घरी मात्र ते वर्षातून जेमतेम तीन महिने असत, तेही नकाशांवर वाकलेले. आम्ही बंगालात, बालीगंजला राहायचो. माझं खेळणं, भांडणं सगळं बंगालीत, मराठी अडखळायचं. बाबांनी काही विचारलं की मी अर्धं बंगालीत सांगायचे आणि ते आईकडे बघायचे.

"काय म्हणते ही?"

"घरी थांबा चार दिवस, म्हणजे कळेल," आई म्हणायची.

उगमाच्या मोहिमेहून परतल्यावर दोन महिन्यांतच ते न्यूमोनियानं गेले. मी बारा वर्षांची होते. पुढं काही मंडळींनी त्यांचा पुतळा उभारायचं ठरवलं आणि सभेला आम्हांला बोलावलं. भाषणं चालू असताना मागून एक गृहस्थ उठले.

"त्या मोहिमेत आमच्या बेहाला भागातला एक माणूस तापानं फणफणला होता. त्याला तंबूत टाकून हे उगमाकडे गेले. तो तिथंच मेला. हे पुतळ्याखाली लिहिणार का?"

एकच गलका झाला. कोणी म्हणालं, साफ खोटं. कोणी म्हणालं, थांबले असते तर सगळेच गेले असते. आई माझा हात धरून उठली.

पुढच्या रविवारी तिनं बाबांच्या वहीतून पत्ता शोधला आणि मला घेऊन ट्रामनं बेहालाला गेली. त्या माणसाची बायको एका छोट्या कारखान्यामागच्या दोन खोल्यांत राहत होती. आईनं दारातच मोडक्या बंगालीत विचारलं, "दीदी, खरं काय ते मला सांगा."

"आधी बसा," ती म्हणाली. "खरं मला तरी कुठं ठाऊक आहे? मी काय तिथं होते? तुमचे यजमान परतल्यावर इथं आले होते. याच खाटेवर बसले. म्हणाले, 'मी परत येईपर्यंत तो असेल असं वाटलं होतं.' मी त्यांना जा म्हटलं नाही. माफही केलं नाही."

मग तिनं ट्रंकेतून नवऱ्याचं मोहिमेवरून आलेलं शेवटचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच. तुझ्याबद्दल आहे."

आईला बंगाली वाचता येत नसे. मी वाचत वाचत तिला मराठीत सांगू लागले. 'साहेब रोज संध्याकाळी माझ्याकडून दहा बंगाली शब्द शिकतात. त्यांचे उच्चार ऐकून हसू आवरत नाही. म्हणतात, मुलगी काय बोलते ते मला समजत नाही. या खेपेला घरी गेलो की तिच्याशी तिच्या भाषेत बोलणार.'

"पण ते एक शब्दसुद्धा बोलले नाहीत," मी म्हणाले.

"कसे बोलतील?" आई म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. शेजारी बसलेल्या त्या बाईनं, शब्द कळले नसतानाही, तिच्या पाठीवर हात ठेवला.

आईनं पुतळेवाल्या मंडळींना कळवलं, दोघांची नावं घालणार असाल तरच पुतळा करा. त्यांनी एकट्या बाबांचा केला. आम्ही अनावरणाला गेलो नाही. लोक अजूनही वाद घालतात आणि मला विचारतात. मी सांगते, मला माहीत नाही.

ते पत्र मी बेहालाच्या त्या बाईकडे मागितलं होतं. ती म्हणाली, "माझ्याकडे एवढंच आहे गं. तू येऊन वाचत जा." मग मी जात राहिले, लग्न होईपर्यंत. पुढं ती वारल्याचं कळलं तेव्हा धावत गेले. तिचा भाचा भांडी बांधत होता.

"पत्र तिच्याबरोबरच चितेवर ठेवलं," तो म्हणाला. "तिनंच सांगून ठेवलं होतं."

पत्र तिचंच होतं, आणि मजकूर मला पाठ होता. तरी कितीतरी वेळ मी त्या दारातून हलले नाही.