जिन्यात थांबणारे शिंदे

शिंद्यांच्या हृदयाचा रिपोर्ट मी चुकीचा वाचला आणि अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

माझी वैद्यकीय पात्रता म्हणजे बारावीचं जीवशास्त्र, तेही दुसऱ्या खेपेला सुटलेलं. पण शिंदे साताऱ्याकडचे, न्हावा शेवा बंदराच्या गेटवर कंटेनरचे नंबर टिपणारे. इंग्रजी कागद आला की भरवशानं माझ्याकडे आणायचे. कागदावर होतं, हृदयाची भिंत जाड, आकुंचन जोरदार. मी म्हणालो, "शिंदे, हे पैलवानाचं काळीज आहे."

नेरूळची आमची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही. शिंदे चौथ्यावर. कामावरून आले की प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दाराशी टेकायचे. "हायसा का घरात? वाईच पानी द्या." कुणाच्या पोराला किती मार्क, सारसोळ्याच्या कोळणीनं आज काय आणलं, सगळं त्यांना ठाऊक. इतका माणूसवेडा माणूस मी पाहिला नाही, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी भाषणही ठोकलं होतं. त्यांना दम लागतो, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

पेढ्यांनंतर टूम माझीच. पैलवान, आज न थांबता वर. "तुमी म्हनताय तर चढू," म्हणाले, आणि चौथ्या मजल्यावर माझ्या अंगावरच कोसळले. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य, "सायेब, तुमाला लागलं न्हाई न्हवं?"

मुंबईच्या डॉक्टरांनी मग मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. हृदयाच्या स्नायूत प्रथिनांचे बारीक धागे असतात. एक दुसऱ्याला धरून ओढतो, मग सोडतो. म्हणून हृदय आवळतं आणि सैल होतं. शिंद्यांच्या प्रथिनात जन्मापासून एक बारीक चूक होती. धागा घट्ट धरायचा, वेळेवर सोडायचा नाही. हृदय जोरात आवळायचं, पण सैल न झाल्यामुळे रक्तानं भरायचंच नाही. मी ज्याचे पेढे वाटले, तोच आजार होता.

"आमच्या घरान्याची मूठच उघडत न्हाई म्हना की," शिंदे म्हणाले. थोरला भाऊ ऐन पंचविशीत पोहता पोहता गेला होता. ते हसत होते, पण नजर सुमनवर. त्यांची पोर, नववीत, शाळेच्या खो-खो संघाची कप्तान. तिचीही तपासणी झाली. तेच निघालं.

डॉक्टरांनी धावणं बंद सांगितलं. सुमन ऐकेना. शिंद्यांनी समजावलं, हात जोडले, एकदा रडलेसुद्धा. शेवटी माझ्याकडे आले. "माझं ऐकत न्हाई ती. तुमी बोलाया पटाईत. सांगा की तिला." मी म्हटलं, सांगतो की, रविवारी. असे बरेच रविवार गेले.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना हाक मारली, "हायसा का घरात?" वहिनी पाणी घेऊन आल्या तेव्हा ते उंबऱ्यावर बसले होते, भिंतीला टेकून. पाणी तसंच राहिलं.

तेराव्याला मी सुमनला गॅलरीत बोलावलं. दिलेला शब्द पाळायचा होता. धागे, मूठ, पोहताना गेलेले तिचे काका, बाबांची इच्छा. अर्धा तास बोललो. पाणी प्यायला म्हणून थांबलो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, बाबा गेले त्या दिवशीच मी खो-खो सोडला. तुमी बोलायचं कधी सोडणार?"